पदकाची कडा

जुनी लष्करी पदके जमविण्याचा छंद हा नाणी जमविण्याच्या छंदाचा सख्खा भाऊ होय. तथापि या दोहोंत एक मोठा भेद आहे. एका ठशाची नाणी सारखीच असतात. पदक मात्र बहुधा एका विशिष्ट माणसाचे असते. त्या माणसाचे नाव पदकाच्या दर्शनी बाजूवर आढळत नाही. ते पाहावयाचे तर पदक उभे धरून त्याची कडा वाचली पाहिजे.

पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) १० लाखांहून अधिक भारतीय परदेशी आघाड्यांवर गेले. त्या युद्धाबद्दल दिलेले ब्रिटिश युद्धपदक चांदीचे, ३६ मिलिमीटर व्यासाचे आहे. मजूर तुकड्यांतील अनेकांना तेच पदक काशाचे मिळाले. त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण इंग्रजी अक्षरांत उमटविलेली असते. सामान्य शिपायाविषयी पुष्कळदा एवढी एकच ओळ मागे उरलेली असते. १९७९-८० च्या सुमारास चांदीचे भाव एकाएकी चढले, तेव्हा अशी कित्येक पदके मुशीत गेली. त्यांच्याबरोबर त्या ओळीही वितळल्या.

पदक नसणे हाही कधी कधी इतिहासच असतो. १८०३ ते १८२६ या काळातील हिंदुस्थानातील लढायांसाठीचे पदक १८५१ मध्ये मंजूर झाले, आणि तेही हयात असलेल्यांनाच. असईच्या लढाईत १८०३ मध्ये लढलेल्या शिपायाला त्यासाठी ४८ वर्षे जगावे लागले.

दुर्मिळ वस्तूंच्या मागोमाग बनावट वस्तू येतातच. सामान्य नाव घासून काढून त्या जागी नामांकित वीराचे नाव कोरण्याची युक्ती जुनी आहे. अशा वेळी व्यास मोजावा. घासलेले पदक किंचित लहान भरते. मात्र कडा कोरी असली म्हणजे पदक खोटे, असे समजू नये. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या विजयाचे पदक मुळातच बिननावाचे होते.

टोपीवरील बिल्ल्यांचा काळ ठरविताना मुकुटाकडे पाहावे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मुकुटाचा आकार १९०१ नंतरच्या राजांच्या मुकुटाहून वेगळा आहे. २६ जानेवारी १९५० नंतर भारतीय सैन्याच्या चिन्हांवर मुकुटाऐवजी अशोकस्तंभावरील सिंह आले.

संग्राहकाने काही पथ्ये पाळावीत. चकाकीसाठी पदक घासू नये. घासण्याने अक्षरे झिजतात. एका माणसाची पदके एकत्रच ठेवावीत व ती कोणाकडून मिळाली याची नोंद करावी. १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार १०० वर्षांहून जुन्या पुरावस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाहीत, हेही ध्यानात असावे.

ज्याच्या संग्रहात पुष्कळ पदके आहेत तो श्रीमंत असेल. पण ज्याने एका पदकाच्या कडेवरील नावाचा माग काढला, त्याने एक माणूस विस्मृतीतून परत आणला, असे म्हटले पाहिजे.