समुद्रात उतरण्याआधी नाक तपासा

प्रश्न : डॉक्टर, आम्ही मयूर विहार फेज १ मध्ये राहतो. जानेवारीच्या सुट्टीत मालवणला जातोय आणि तारकर्लीला सगळ्यांनी स्कूबा करायचा बेत आहे. मी ४६ वर्षांचा, बीपीची गोळी चालू, सिगारेट अधूनमधून. पत्नीला दर हिवाळ्यात सर्दी-शिंका. मुलगा १५ वर्षांचा, प्रदूषण वाढलं की त्याला इन्हेलर लागतो. मुलगी ९ वर्षांची. बोटवाले म्हणतात, पोहता येत नसलं तरी चालतं, वीस फूटच तर जायचंय. पुढच्या वर्षी न्यू जर्सीच्या बहिणीबरोबर कॅरिबियन क्रूझही ठरते आहे. तिथेही बंदरावर उतरून स्कूबा करता येतं म्हणे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : बोटवाले खोटं सांगत नाहीत. मालवण-तारकर्लीला पर्यटकांसाठी जी बुडी असते ती उथळ पाण्यातली, थोडक्या मिनिटांची, आणि प्रशिक्षक पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो. बहुतेक लोक हसतच वर येतात. पण उथळ म्हणजे निर्धोक, हा हिशेब शरीराच्या बाबतीत चुकतो.

मसुरीहून दिल्लीला उतरताना कानाला दडे बसतात, हा तुमचा अनुभव असेलच. त्या अख्ख्या उतरणीत हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा पाण्यात वाढायला दोन मीटर पुरतात. वीस फूट म्हणजे सहा मीटर. म्हणजे मसुरीची उतरण तीनदा, आणि तीही काही तासांत नव्हे, मिनिटा-दोन मिनिटांत. शिवाय सर्वांत मोठा फरक वरच्या थरातच पडतो. पृष्ठभागावरची एक लिटर हवा दहा मीटरवर अर्धा लिटर होते, पण वीस मीटरवर ती एक तृतीयांश लिटरच्या आसपास असते. पहिल्या दहा मीटरमध्ये अर्धा लिटर घटली, पुढच्या दहात त्याच्या निम्मीही नाही. कान, सायनस आणि फुप्फुसं यांची खरी परीक्षा म्हणूनच पहिल्या काही मीटरमध्ये होते, नेमकी जिथे नवखे लोक उतरतात तिथे.

दिल्लीचं नाक, मालवणचं पाणी

कानाच्या पडद्यामागची पोकळी एका बारीक नळीने नाकाच्या मागच्या बाजूला जोडलेली असते. बाहेरचा दाब वाढला की या नळीतून हवा आत जाऊन पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हावा लागतो. नाक सुजलेलं असेल तर नळी उघडत नाही. दिवाळीनंतर आनंद विहारचा एक्यूआय चारशेच्या वर जाऊ लागला की आपल्या भागात निम्म्या घरांत कोणाचं ना कोणाचं नाक चोंदलेलं असतं. त्यात सवय झालेली असते, म्हणून ‘मला सर्दी नाहीये, हे नेहमीचंच आहे’ असं रुग्ण सांगतात. त्या नेहमीच्याच नाकाने समुद्रात उतरलं की कान दुखतो. दुखणं सोसून आणखी खाली गेलं तर पडद्यामागे रक्त उतरतं, क्वचित पडदा फाटतो. निरोगी पडदा तपासताना करडा आणि चमकदार दिसतो. दाबाने दुखावलेला पडदा लालभडक, रक्ताच्या रेषा उमटलेला. असा कान बरा व्हायला कधी काही दिवस, कधी काही आठवडे लागतात.

म्हणून तयारी घरापासून करा. नाकाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारून स्टिरॉइडचा नाकातला फवारा निघण्याच्या दोन आठवडे आधी सुरू करा. तो पहिल्याच दिवशी पूर्ण काम करत नाही. उकळून गार केलेल्या पाण्याची जलनेती चालेल. निघण्यापूर्वी रोज आरशासमोर एक चाचणी करा : नाकपुड्या चिमटीत धरा, तोंड मिटा आणि हलकेच फुंकर मारल्यासारखा जोर द्या. दोन्ही कानांत ‘टक्’ असं झालं पाहिजे. एकाच कानात होत असेल किंवा कशातच होत नसेल, तर त्या नाकाने बुडी नको.

बोटीवर बसल्या बसल्या ऑट्रिव्हिनसारखा फवारा मारून खाली जाण्याची युक्ती लोक एकमेकांना सांगतात. तिचा धोका असा की औषधाचा अंमल पाण्याखालीच उतरला तर वर येताना आतली हवा अडकते आणि कान उलट्या बाजूने दुखतो. खाली न जाणं तुमच्या हातात असतं; वर न येणं नसतं.

पाण्यात शिरल्यावर कान दुखण्याची वाट पाहू नका. डोकं पाण्याखाली गेल्याबरोबर आणि मग दर अर्ध्या मीटरला नाक धरून हलका जोर द्या, किंवा नाक धरून आवंढा गिळा. दीड-दोन मीटरपर्यंत हे राहून गेलं तर नळीचं तोंड दाबाने मिटतं आणि मग कितीही जोर लावला तरी उघडत नाही. अशा वेळी जोर लावूच नका. त्याने आतल्या कानाला इजा होऊन गरगरणं आणि कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. प्रशिक्षकाला खूण करा, मीटरभर वर या, पुन्हा प्रयत्न करा. जमलं नाही तर वर.

खुणाही बोटीवरच पक्क्या करून घ्या. आपण सगळं छान आहे असं सांगायला अंगठा वर करतो. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा असतो. ठीक आहे सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं. काही बिनसलं असेल तर पंजा आडवा धरून हलवायचा आणि मग दुखणाऱ्या जागेकडे बोट दाखवायचं.

श्वास कधीही रोखू नका

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे. सिलिंडरमधून घेतलेली हवा त्या खोलीच्या दाबाची असते. श्वास रोखून वर आलात तर ती छातीत फुगते. दीड-दोन मीटरवरून घाबरून, श्वास धरून उसळी मारणाऱ्याचंही फुप्फुस फाटू शकतं आणि हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. पोहणाऱ्या माणसाला पाण्याखाली श्वास धरायची सवय असते, म्हणून त्याने ही सूचना जास्त मनावर घ्यावी.

कोणी उतरू नये

पूर्वी आपोआप फुप्फुस फुटून छातीत हवा भरली असेल, फिट येत असतील, गर्भारपण असेल, अलीकडे हृदयाचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा कान-नाक-छातीची शस्त्रक्रिया झाली असेल, तर उतरू नका. दमा असेल तर तो पूर्ण आटोक्यात आहे का, हे फुप्फुसांची चाचणी करून ठरवावं लागतं. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर पाण्याखाली उतरली तर तिथे ना बोलता येतं ना खाता येतं, त्यामुळे डॉक्टरांच्या लेखी होकाराशिवाय नको. रूट कॅनाल अर्धवट असेल तर आधी ते पूर्ण करा. दाताच्या पोकळीत अडकलेली हवाही दुखवते.

बीपी आणि हृदयाबद्दल थोडं सविस्तर. पाण्यात उतरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावरचा भार वाढतो. त्यात थंडी, घाई आणि भीती. बीपी आटोक्यात नसलेल्यांच्या फुप्फुसांत यामुळे पाणी साचू शकतं. जगभर वापरला जाणारा डायव्हर्सचा वैद्यकीय फॉर्म मुख्य दहा प्रश्नांचा आहे, आणि वय ४५च्या पुढे का हा त्यातलाच एक. त्यानंतर धूम्रपान, कोलेस्टेरॉल, बीपी आणि जवळच्या नात्यातला लवकर आलेला हृदयरोग विचारलेला असतो. एकाला जरी ‘हो’ आलं तर डॉक्टरांची सही लागते. बोटीवर हा फॉर्म पुढे आला की बरेच जण सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होतात. त्या कागदाचा उपयोग फक्त तुम्हालाच आहे. खरं लिहा.

बोट, गोळ्या, रात्रीची पार्टी

बोट लागते म्हणून अवोमिनसारखी गोळी घेतली तर झोप येते, आणि पेंगुळलेल्या माणसाने सिलिंडर लावू नये. ज्यांना हमखास बोट लागते त्यांनी किनाऱ्यावरच बसावं. आदल्या रात्री दारू नको; सकाळी हलका नाश्ता आणि भरपूर पाणी घ्या. जाता-येता बोटीवर लाइफ जॅकेट अंगातून काढू नका. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ जो अपघात झाला, तो स्कूबा आटोपून परतणाऱ्या बोटीचा होता. ती उलटून दोन पर्यटक दगावले.

बुडी आणि विमान

दाबाखाली श्वास घेतला की रक्तात नायट्रोजन जास्त विरघळतो. तो सावकाश बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. विमानाच्या केबिनमधला दाब जवळपास मसुरीच्या किंवा त्याहूनही उंच ठिकाणच्या दाबाएवढा असतो. म्हणून एका साध्या बुडीनंतर निदान १२ तास, अनेक दिवस किंवा अनेक बुड्या झाल्या असतील तर निदान १८ तास विमान टाळावं. वीस फुटांवरच्या पंधरा मिनिटांनी नायट्रोजन फार साठत नाही हे खरं, पण नियम पाळणं इतकं सोपं आहे की सूट घेण्याचं कारण नाही. स्कूबा पहिल्या-दुसऱ्या दिवशी उरका आणि सिंधुदुर्ग किल्ला, बाजार, देवदर्शन शेवटच्या दिवसासाठी ठेवा. मोपा विमानतळाची गाडी दुसऱ्या दिवशीच पकडा. स्कूबानंतर त्याच दिवशी आंबोलीचा घाट चढायचा बेतही पुढे ढकला.

क्रूझला हाच नियम अधिक जपायला हवा. जहाज समुद्रसपाटीलाच असतं, त्यामुळे बुडीनंतर जहाजावर परतण्यात काही अडचण नाही. अडचण दोन ठिकाणी आहे. कोझुमेलसारख्या बंदरावर प्रमाणपत्र असलेल्यांना वीस मीटरच्या आसपास, लागोपाठ दोन बुड्या घडवतात. आणि जहाज ठरल्या वेळी सुटणार म्हणून सगळ्यांची घाई असते. घाईत कान मोकळा करायला उसंत मिळत नाही. शेवटच्या बंदरावर बुडी आणि दुसऱ्या सकाळी मायामीहून विमान, असा बेत असेल तर तासांचा हिशेब आत्ताच मांडा. प्रवास विमा काढताना त्यात स्कूबा धरलं आहे का, हेही वाचा. बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेलं असतं.

त्रास झालाच तर

बुडीनंतर दिवसभरात सांधे ठणकणं, हातापायाला मुंग्या किंवा अशक्तपणा, गरगरणं, छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, अंगावर संगमरवरी चट्टे असं काही दिसलं तर चोळत बसू नका आणि झोपून बरं वाटेल म्हणून थांबू नका. आडवं झोपवा, ऑक्सिजन लावा, रुग्णालय गाठा. अंदमानात स्वराज द्वीपला गेला असाल तर नौदलाचं आयएनएचएस धन्वंतरी रुग्णालय श्रीविजयपुरमला आहे. लक्षणं दिल्लीत परतल्यावर सुरू झाली, तर आपत्कालीन विभागात पहिलं वाक्य ‘मी स्कूबा करून आलोय’ हे असू द्या, आणि किती खोल, किती वेळ, कधी, हेही सांगा. समुद्रापासून इतक्या लांब हातापायाला मुंग्या आलेल्या माणसाला पाहून स्कूबा कोणाच्याच डोक्यात येणार नाही.

आता तुमच्या घरापुरतं

मुलगी ९ वर्षांची आहे. समुद्रातल्या पहिल्या बुडीसाठी किमान वय १० मानतात. तिला लाइफ जॅकेट घालून उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग करू द्या. मुलाला या हिवाळ्यात इन्हेलर लागत असेल तर या वेळी नको. उन्हाळ्यात छातीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. तुम्ही स्वतः निघण्यापूर्वी बीपी आणि ईसीजी करून घ्या, डॉक्टर म्हणाले तर ट्रेडमिल चाचणीही. आणि सिगारेट आजपासून बंद. तुमच्या घरात सर्वांत बिनधोक उतरू शकेल अशी व्यक्ती पत्नी आहे, अट एकच : त्या सकाळी दोन्ही कानांत ‘टक्’ झालं पाहिजे.

क्रूझआधी वर्ष हाताशी आहे. अक्षरधामजवळच्या क्रीडाग्राम संकुलात उन्हाळ्यात पोहायला शिका. रीतसर प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं अपेक्षित असतं. तेवढं आलं की बरीचशी भीती आपोआप जाते, आणि पाण्याखालचे अर्धे अपघात भीतीपोटीच घडतात असं समजून चाला.

आणि त्या सकाळी नाक चोंदलं, छाती वाजली किंवा नुसतं मनच घेईना, तर उतरू नका. आगाऊ भरलेले पैसे बुडाले तर बुडू द्यात. मालवणचा हंगाम पावसाळा सरला की पुन्हा सुरू होतोच.