मटण सुटले, शेव सुटेना
इंदूरमध्ये सायकल, कमी मांसाहार आणि आटोक्यातले वजन: खर्चाचा हिशेब

रविवारी सकाळी आठच्या सुमारास बायपासकडच्या कुठल्याही पोह्यांच्या ठेल्यावर उभे राहा. रालामंडलपर्यंत सायकल मारून आलेली मंडळी हेल्मेट हँडलला अडकवून प्लेटची वाट बघत असतात. खाली उकळते पाणी, वर वाफेवर पोह्यांचा पिवळा ढीग. ठेलेवाला प्लेट भरतो, कांदा टाकतो, जीरावन भुरभुरतो, लिंबू पिळतो आणि मग शेवेच्या डब्यात हात घालतो. एक मूठ. गिऱ्हाईक म्हणते, "भिया, थोडी और." दुसरी मूठ. तोवर शेजारच्या कढईतून जिलबी निघालेली असते.

आता आकडे बघू. 65 किलो वजनाच्या माणसाने ताशी 15 किलोमीटरच्या बेताने 10 किलोमीटर सायकल चालवली, तर नुसते बसून राहण्यापेक्षा सुमारे 200 कॅलरी जास्त खर्च होतात. जवळपास तेवढ्याच कॅलरी 35-40 ग्रॅम शेवेत असतात. म्हणजे दोन मुठींत सगळी फेरी वसूल झाली, आणि जिलबी अजून बाकीच आहे. बिचाऱ्या पोह्यांचा यात फारसा दोष नाही. इंदुरी पोहे वाफेवरचे, तेल बेताचे. घोळ वरच्या थरात आहे.

रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर या मराठी वस्त्यांतल्या ज्या घरांत रविवार म्हणजे मटण असे समीकरण होते, तिथेही आता कोणी डॉक्टरांच्या सांगण्यावरून, कोणी वयाकडे बघून मांसाहार कमी करतो आहे. जोडीला सायकल घेतली जाते. सहा महिन्यांनी काटा मात्र जिथल्या तिथे. या वाटेने जाताना पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत आणि गळती कुठे होते, त्याचा हा हिशेब. भाव शहरात साधारण दिसतात तसे धरले आहेत. तुमच्या दुकानातला भाव वेगळा असेल, तर आकडा बदला, पद्धत तीच ठेवा.

आधी माप: खर्च 30 ते 1,200 रुपये

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय निघतो. भारतीयांसाठी 18.5 ते 22.9 ही मर्यादा चांगली मानतात. 23 पासून जादा वजन, 25 पासून लठ्ठपणा. उंची 168 सेंटीमीटर असेल, तर आटोक्यातले वजन साधारण 52 ते 65 किलो.

याहून स्वस्त आणि जास्त खरे बोलणारे साधन म्हणजे शिंप्याची टेप. कमरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटीमीटरच्या आत हवा. टेप 20-30 रुपयांत येते, डिजिटल वजनकाटा 800 ते 1,200 रुपयांत. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी काही खाण्याआधी करावे. रोज काट्यावर चढलात, तर पाण्याचे आणि मिठाचे चढउतार मोजत बसाल.

सायकल: किती पैसे घालावेत

माझी पहिली सायकल दिसायला मोटारसायकलसारखी होती. जाड टायर, पुढे-मागे शॉकअप, 21 गिअर. दुकानदाराने "सब यही ले जा रहे हैं" म्हटले आणि मी घेतली. महिन्याभराने ओव्हरहॉलिंगला नेली, तेव्हा मिस्त्रीने ती एका हाताने उचलून बघितली आणि विचारले, "भाईसाब, चलाते हो या खींचते हो?" स्वस्त सायकलीतले शॉकअप वजन वाढवतात आणि प्रत्येक पायडलमधला थोडा जोर गिळतात. इंदूरच्या रस्त्यांना त्यांची गरज नाही.

शहरातल्या शहरात रोज 8-10 किलोमीटरसाठी बिनगिअरची साधी सायकल 6,000 ते 9,000 रुपयांत मिळते. मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँड असलेलीच घ्या; भाजी आणायला उपयोगी पडली, तर सायकल रोज बाहेर निघते. रालामंडल, महू किंवा सिमरोळकडे चढ लागतात. तिकडे जायचे असेल, तर सात किंवा जास्त गिअरची, मध्यम जाडीच्या टायरची हायब्रिड 13,000 ते 20,000 रुपयांत येते. त्याहून महाग सायकलीचा विचार वर्षभर सायकल खरोखर चालवल्यावर करावा. चांगल्या स्थितीतली जुनी सायकल साधारण निम्म्या किमतीत मिळते. घेताना चाक उचलून फिरवा, आऊट असेल तर रिम ब्रेकला घासताना दिसते.

एक सरकारी योगायोग. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. त्याच दिवशी पॅकबंद नमकीनवरचा करही 12 चा 5 झाला. बिलावर सायकलीची सूट लागली आहे ना, ते तपासा. शेवेची तपासली नाही तरी चालेल.

सोबतचे सामान: हेल्मेट 800 ते 1,500, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा मिळून 400 ते 800, कुलूप 200 ते 400, हातपंप 400 ते 600, पंक्चरचे किट 100 रुपये. मध्यम हाताने 2,500 रुपये धरा.

सीटची उंची फुकट लावता येते. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. गुडघेदुखीच्या अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

वर्षाची देखभाल: चार पंक्चर 160, एक ट्यूब 200, ब्रेकचे रबर 100, चेनचे तेल 150, एक पूर्ण ओव्हरहॉलिंग 500, आणि दोन वर्षांनी बदलायच्या टायरच्या जोडीचा वर्षाचा वाटा 600. एकूण सुमारे 1,700, म्हणजे महिन्याला दीडशेच्या आत.

मटणाच्या जागी काय: 20 ग्रॅम प्रथिनांचा भाव

निरोगी प्रौढाला रोज किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे 2020 चे प्रमाण आहे. 65 किलोला सुमारे 54 ग्रॅम. मटण कमी झाले की ताटात जी जागा रिकामी होते, ती बहुतेक घरांत बटाटा, साबुदाणा किंवा जास्तीची पोळी भरून काढते. प्रथिने घटतात, भूक लवकर लागते आणि चार वाजता हात शेवेच्या बरणीत जातो. म्हणून बदली नीट निवडा. 20 ग्रॅम प्रथिनांना अंदाजे किती पडतात, बघा:

- सोयाबीनच्या वड्या, 40 ग्रॅम: 5 ते 6 रुपये
- हरभरे किंवा छोले, 100 ग्रॅम: 9 ते 10 रुपये
- शेंगदाणे, 80 ग्रॅम: 11 रुपये (पण कॅलरी साडेचारशे)
- तूरडाळ, 90 ग्रॅम: 12 ते 13 रुपये
- अंडी, 3: 21 रुपये
- कोंबडी, हाडांसह 150 ग्रॅम: 36 रुपये
- दूध, 600 मिली: 40 रुपये
- पनीर, 110 ग्रॅम: 44 रुपये (कॅलरी सुमारे 300)
- मटण, हाडांसह 135 ग्रॅम: 108 रुपये

यादीत पहिली आलेली वस्तू आपल्याच शिवारातली आहे. माळवा सोयाबीनचा मुलूख, आणि सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था 1987 पासून इंदूरमध्येच आहे. तरी घराघरांत सोयावडीला "रबर" म्हणून नाव ठेवले जाते. ती रबर लागते, कारण आपण ती भिजवून तशीच रश्श्यात टाकतो. मीठ घालून उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवा, दोनदा थंड पाण्यात पिळा, दह्यात आले-लसूण आणि मटणाचाच मसाला लावून अर्धा तास मुरू द्या, मग परता. रस्सा तोच, कांदा-खोबऱ्याचे वाटण तेच. रविवारची आठवण बरीचशी त्या वाटणातच असते.

पनीरबाबत सावध राहा. मटण सोडले म्हणून रोज शाही पनीर, ही इंदुरी लग्नपंगतीतली सवय घरात आणली, तर खर्च आणि वजन दोन्ही वाढतील. मांसाहार पूर्ण बंद करायची सक्ती नाही. महिन्यातून एकदा झाबुआचा कडकनाथ आणावासा वाटला, तर जरूर आणा. 2018 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, भावही तसाच चढा आहे. मात्र काळी कोंबडी खाल्ली म्हणून कंबर उतरत नाही.

महिन्याचा ताळेबंद

चार माणसांचे घर धरू. आधी दर आठवड्याला एक किलो मटण आणि एक किलो चिकन: महिन्याला 3,200 अधिक 960, म्हणजे 4,160 रुपये. आता महिन्यातून एकदा मटण, दोनदा चिकन: 1,280. वाचले 2,880.

त्यातून जास्तीची खरेदी: 30 अंडी 210, सोयावडी एक किलो 140, डाळी-कडधान्ये दोन किलो 250, दही-दुधासाठी सहा लिटर दूध 390. एकूण 990. हातात राहिले 1,890.

कामावर जाण्या-येण्याचे रोजचे 10 किलोमीटर स्कूटरऐवजी सायकलवर झाले, तर 20 दिवसांत साधारण पावणेपाचशेचे पेट्रोल वाचते. देखभालीचे दीडशे वजा करा. महिन्याची खरी बचत सुमारे 2,200 रुपये. 13,000 ची सायकल आणि 2,500 चे सामान सात महिन्यांत फिटते.

आता गळती. दर रविवारी चौघे पोहे-जिलबी, कचोरी, चहा करून माणशी शंभर रुपये खर्च करून आले, की महिन्याला 1,600 गेले. त्यात जेवणानंतर "फक्त चक्कर मारायला" सराफ्यात गेलात, की गराडू, मालपुवा आणि ती शिकंजी. बाहेरगावचा पाहुणा लिंबूपाणी समजून मागवतो आणि हातात येते दुधाचे, सुक्या मेव्याचे घट्ट पेय. वाचलेले पैसे आणि खर्चलेल्या कॅलरी, दोन्ही एकाच गल्लीत जमा होतात.

तपासण्या: वर्षाला 1,000 ते 2,000 रुपये

बी-12 जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या मांस, मासे, अंडी आणि दुधातूनच मिळते. मांसाहार कमी करणाऱ्यांनी वर्षातून एकदा बी-12 आणि हिमोग्लोबिन तपासावे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल, तर नक्कीच, कारण त्या गोळीने बी-12 आणखी घटू शकते. हातापायांना मुंग्या आणि विनाकारण थकवा ही खूण मानून डॉक्टरांकडे जा. गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्त पडतात. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर लगेच चहा टाळा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी सायकल सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. लांब फेरीत साखर उतरू शकते, तेव्हा खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असू द्या.

वर्षाचे वेळापत्रक

एप्रिल-मेमध्ये सातच्या आत घरी परता. पावसाळ्यात सलग आठ-दहा दिवस सायकल भिंतीला लागते, आणि तेव्हाच भजी-कचोरीचा हंगाम असतो. त्या आठवड्यात पहिली कात्री दुपारच्या पोळीला आणि चार वाजताच्या खाण्याला लावा. थंडीत सायकलला हवा उत्तम, पण गराडूही त्याच महिन्यांत येतात. वर्षाला दोनशे दिवस चालवली, तरी चांगले म्हणायचे. सुरुवातीला सिरपूर तलावापर्यंतची फेरी पुरे. खंडवा रोडला ट्रकांची वर्दळ असते. सिमरोळ घाटाकडे एकट्याने, अंधारात जाऊ नका.

आणि रविवारचा ठेला? तो सोडायचा नाही. सोडलात, तर तिसऱ्या रविवारी सायकलच सुटेल. घरून निघताना चार भिजवलेले बदाम आणि एक केळे खाऊन निघा, म्हणजे परतताना आगीसारखी भूक लागत नाही. मग पोहे मागवा, कांदा आणि लिंबू दुप्पट घ्या, आणि शेव वेगळ्या वाटीत मागा. ठेलेवाला एकदा वर बघेल. त्या वाटीत एकच मूठ मावते.