शेडमधील सॉकेट बंद पडल्यास

पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या शेडमधील सॉकेट बंद पडल्यास प्रथम घरातील दिवे पाहावेत. ते चालू असतील, तर शेडचा आरसीसीबी पडला आहे का, हे तपासावे. ३० मिलिअँपिअरचे हे साधन तेवढी गळती होताच वीज तोडून जीव वाचविते.

सर्व प्लग काढून ते कोरड्या हाताने एकदाच चालू करावे. टिकल्यास एकेक उपकरण जोडावे; ज्यामुळे ते पडेल, ते उपकरण दुरुस्तीस द्यावे. प्लग काढूनही ते पडल्यास वायरिंगमध्ये ओल किंवा उंदरांनी कुरतडलेली वायर असण्याचा संभव असतो. टेस्टर पेटूनही सॉकेट न चालल्यास न्यूट्रल तुटलेली असू शकते. दोन्ही प्रसंगी मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमन बोलवावा.

आरसीसीबी वगळून थेट जोडणी कदापि करू नये. तसे केल्याने दोष तसाच राहतो आणि ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतते.