आधी वाच, मग पूस

पुतणेबुवा, दादा गेले, त्यांचं रिव्हॉल्वर जमा झालं, आणि आता वारस म्हणून तू परवान्याचा अर्ज केला आहेस. परवा फोनवर तू विचारलंस, "काका, ते नेमकं किती जुनं?" त्याचं अर्धं उत्तर मी एकोणिसाव्या वर्षी घासून टाकलं, म्हणून उरलेलं तरी नीट सांगतो. ताबा मिळाला की इथे पहूर पेठेत ये. तोवर हे वाचून ठेव.

१. हातात घेताच नळी जमिनीकडे, बोट चापाबाहेर, आणि चकरीची सगळी घरं उघडून स्वतः बघ — "रिकामंच आहे" असं सांगणाऱ्यानं बहुतेक वेळा ते दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं असतं.

२. ठसे वाचून होईपर्यंत पुसू नकोस, घासणं आणि पॉलिश तर कधीच नको — मी आजोबांना खूश करायला विटकरीच्या पुडीनं नळी लखलखीत केली, आणि नळीवरचं कारखान्याचं नाव निम्मं गेलं. नंबर वाचला हे नशीब. शस्त्र कायदा १९५९ च्या ८व्या कलमानं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण मिटवायला मनाई आहे. आणि खूण मिटलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानंच ती मिटवली असं धरतात, नाही म्हणायचं तर ते त्यानं सिद्ध करायचं. पुसलेला ठसा आणि वाहून गेलेलं वाघूरचं पाणी, मागे फिरत नाही रे बाबा.

३. ठसे वाचायला बॅटरी तिरपी धर, भिंग घे, अक्षरांवर पांढऱ्या खडूची पूड बोटानं हलकेच फिरव — समोरून पडलेल्या उजेडात झिजलेलं अक्षर सपाट दिसतं, तिरप्या उजेडात त्याची सावली उठते.

४. घरात सगळे "पिस्तूल" म्हणतात, तू म्हणू नकोस — अनंत कान्हेरेंनी १९०९ साली नाशकात जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंग पिस्तूल, त्याला चकरी नसते. अर्जावर एक शब्द चुकला तरी कागद परत येतो.

५. पहिला प्रश्न नावाचा नाही, ते उघडतं कसं याचा — मधून मोडून नळी खाली झुकते, की चकरी बाजूला बाहेर येते? बाजूला येणारी चकरी कोल्टनं १८८९ साली बाजारात आणली आणि स्मिथ अँड वेसननं १८९६ साली. तशी चकरी असलेलं हत्यार कुणी "सत्तावन्नच्या बंडातलं" म्हणून दाखवलं, तर चहा पी आणि घरी ये.

६. त्या दोघांतला फरक हातालाच कळतो: कोल्टची चकरी सोडणारी कळ मागे ओढायची, स्मिथ अँड वेसनची पुढे ढकलायची. चकरीही सहसा कोल्टची उजवीकडे फिरते, स्मिथ अँड वेसनची डावीकडे — नाव झिजलं तरी चाल झिजत नाही.

७. "वेब्ली अँड स्कॉट" असं जोडनाव दिसलं तर ते १८९७ च्या आधीचं नाही — दोन्ही घराणी तेव्हाच एक झाली. मूठही बघ: लष्करी वेब्लीच्या पाचव्या मार्कपर्यंत ती खाली पक्ष्याच्या चोचीसारखी वळते, १९१५ च्या सहाव्या मार्कपासून चौकोनी होते. सहाव्या मार्कवर "एनफिल्ड" असेल तर ते १९२१ ते १९२६ मधलं, कारण पहिल्या महायुद्धानंतर काही काळ ती तिथे बनली.

८. एनफिल्डच्या .३८ वर मात्र साल सहसा चौकटीवरच असतं, घोड्याच्या खाली उजव्या अंगाला. घोड्याला मागची शेपटी नसेल तर ते १९३८ नंतरच्या नमुन्याचं — रणगाड्यातून चढता-उतरताना ती शेपटी अडकायची, असं सांगतात.

९. पेटंटची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे — अमेरिकन हत्यारांवर शोधाच्या तारखा कोरत, आणि तोच नमुना पुढे कित्येक वर्षं बनत राही. मी अशाच एका तारखेवर पैज लावून हरलो होतो.

१०. "स्मिथ अँड वेसन" वाचून हुरळू नकोस, पुढचा शब्द "कार्ट्रिजेस" आहे का बघ — स्पेनमधल्या एइबार गावचे कारागीर आपल्या मालावर कोणती काडतुसं चालतात ते असं लिहीत, आणि घाईतला माणूस काडतुसाचं नाव बनवणाऱ्याचं समजे. पाटीवर पाटलांचं नाव असलं म्हणून वाडा पाटलांचा होत नाही.

११. "नॉट इंग्लिश मेक" असा ठसा सापडला तर सोनं सापडलं समज — परदेशी माल विलायतेत तपासला की १९२५ ते १९५५ या काळात तो मारत, म्हणजे तीस वर्षांची चौकट आयतीच मिळाली.

१२. कानपूरच्या आयुध निर्माणीचं .३२ दिसायला विलायती वेब्लीचंच भावंड, म्हणून पुष्कळजण फसतात — बांधा वेब्लीवरूनच घेतलेला आहे. चकरी बाजूला उघडणारं कानपूरचं रिव्हॉल्वर, "प्रबळ", आलं थेट २०२३ साली.

१३. चौकट, नळी, चकरी, तिन्हींवरचे नंबर कागदावर उतरव — न जुळणारा भाग मागून बसवलेला असतो, आणि त्या भागावरून काढलेलं वय सगळ्या हत्याराचं नसतं.

१४. निकेलच्या चकाकीला भुलू नकोस. जुन्या स्मिथ अँड वेसनचे घोडा आणि चाप कारखान्यात सहसा निकेलचे नसत. तेही चकाकत असतील तर मुलामा गावातला — पोळ्याला रंगवलेल्या शिंगांवरून बैलाचं वय काढू नये, दात बघावेत. मुठीच्या लाकडाचंही तसंच, सगळ्यांत आधी बदलतं तेच.

१५. बार उडवून बघण्याचा मोह आवर, आधी परवानाधारक कारागिराला दाखव — काळ्या दारूच्या जमान्यातल्या पोलादाला आजच्या काडतुसाचा दाब सोसेलच असं नाही.

१६. चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस, विशेषतः आपल्या श्रावणात — चामडं ओल धरतं आणि ठसा असतो तिथेच गंज आधी चढतो. मऊ फडकं, पातळ तेल, एवढंच.

१७. शेवटी कागद. तुझ्या आईच्या लोखंडी पेटीत, लग्नाच्या शालूखाली, आजोबांचं परवान्याचं जुनं पुस्तक आहे, ते शोध — त्यावर जिल्हा "पूर्व खानदेश" लिहिलेला आहे. ते नाव १९०६ साली खानदेशाचे दोन भाग झाले तेव्हापासून १९६० पर्यंतचं, म्हणजे हत्यार १९६० आधी घरात आलं एवढं पक्कं. आत नंबर आणि माप आजोबांच्या वळणदार अक्षरात आहे. बनवणाऱ्याचं नावही असेल अशी मला फार आशा आहे, कारण नळीवरचं मी घालवलं. पुस्तक सुती कापडात गुंडाळून आण. भिंग माझ्याकडे आहे, आणि काकूनं भरीत-भाकरीचं कबूल केलंय.