ऑनलाइन दुकानांतील आंबा : केव्हां दाखवावा, केव्हां झांकावा

वाशीच्या फळबाजारांत पेट्या संपल्या कीं गाळा रिकामा दिसतो व गिऱ्हाईक पुढें जातें. ऑनलाइन दुकानाचें तसें नाहीं. तेथें माल संपला तरी त्याचें चित्र व भाव झळकतच राहतात. म्हणून बागायतदारांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

१. प्रत्येक जिनसेची नोंद निराळी करावी. हापूस व पायरी, कच्चा व पिकलेला, हे एका नांवाखालीं घालूं नयेत. हापुसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर ह्या जिल्ह्यांपुरतें आहे. परप्रांतींचा आंबा त्या नांवानें मांडूं नये.

२. रोज सकाळीं पेट्या स्वतः मोजून शिल्लक भरावी. शिल्लक शून्य होतांच मागणी बंद करण्याची सोय बहुधा असते; ती चालू ठेवावी.

३. हंगामांत माल तात्पुरता संपल्यास नोंद दिसूं द्यावी, मात्र ‘शिल्लक नाहीं’ असें लिहावें. हंगाम सरल्यावर ती झांकावी, पुसूं नये. झांकलेली नोंद चित्रांसह पुढील वर्षीं पुन्हां उघडतां येते.

एके वर्षीं माझ्या पुतण्याकडून झांकणें राहिलें. मृगाचा पाऊस पडल्यावरही अकरा जणांचे पैसे आले. ते परत केले. पण पुढील हंगामांत त्यांतील दोघेच फिरकले. महसूल खात्यांत कारकुनी करतांना शेतांत नसलेलें पीक सातबाऱ्यावर उभें असलेलें मीं पाहिलें आहे. त्यावरून होणारे तंटेही पाहिले आहेत. नोंद व वस्तुस्थिति एक असावी, हा नियम दोहोंकडे सारखाच.