आपण कोठून आलात? : प्रवाशाच्या तापाचे निदान

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात मलेरियावरील लेख पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. मी वैद्यकाची विद्यार्थिनी नाही. माझा विशेष विषय भूगोल. परंतु ज्या प्रश्नाविषयी मी लिहिणार आहे तो मुळात आमच्याच विषयातला आहे, असे माझे मत आहे. उष्ण प्रदेशातून परतलेला मनुष्य ताप घेऊन दवाखान्यात आला, तर त्याला प्रथम काय विचारावे? लिव्हरपूल येथील उष्णकटिबंधीय वैद्यकाचे प्राध्यापक ब्रायन मेग्रेथ यांनी १९६३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याचे शीर्षक लॅटिन होते : 'उंदे वेनिस?' म्हणजे 'कोठून आलात?' १७०० साली इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने 'तुमचा धंदा कोणता?' हा प्रश्न रोग्याला विचारलाच पाहिजे असा आग्रह धरला होता. मेग्रेथ यांनी त्याच्या जोडीला हा दुसरा प्रश्न आणून बसविला. विमानामुळे मनुष्य आता रोगाची पहिली लक्षणे दिसण्याआधीच घरी पोहोचतो, आणि ताप येतो तेव्हा त्याच्या अवतीभवती ज्या रोगाचे नावही कोणाच्या मनात येणार नाही असा प्रदेश असतो, ही त्यामागची अडचण होती.

हा प्रश्न किती मोलाचा आहे हे फाउस्तो कोप्पी या इटालियन सायकलपटूच्या मृत्यूवरून कळते. 'टूर द फ्रान्स' ही शर्यत दोनदा आणि इटलीची 'जिरो' पाच वेळा जिंकलेला हा खेळाडू डिसेंबर १९५९ मध्ये काही फ्रेंच सायकलपटूंबरोबर पश्चिम आफ्रिकेतील अप्पर व्होल्टा या देशात (आजचा बुर्किना फासो) गेला. तेथे एक प्रदर्शनीय शर्यत झाली, शिकार झाली, आणि डासांनी भरलेल्या रात्री झाल्या. मंडळी युरोपात परतली. थोड्याच दिवसांत कोप्पी आणि त्याचा फ्रेंच मित्र राफाएल जेमिनियानी हे दोघेही तापाने आजारी पडले. जेमिनियानीचे रक्त पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तपासले गेले, मलेरिया निघाला, क्विनाइन मिळाले आणि तो वाचला. इकडे इटलीत मात्र कोप्पीचा ताप थंडीच्या दिवसांतला फ्लू आणि फुफ्फुसाचा विकार समजला गेला. फ्रान्सहून मलेरियाचा निरोप आला होता, पण त्याकडे लक्ष दिले गेले नाही, असे सांगतात. २ जानेवारी १९६० रोजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी कोप्पी वारला. जेमिनियानी २०२४ सालापर्यंत जगला. त्या वेळी तो नव्याण्णव वर्षांचा होता. एकाच प्रवासातले दोन मित्र, एकच रोग, आणि मध्ये चौसष्ट वर्षांचे अंतर!

तेथील डॉक्टरांना बोल लावणे सोपे आहे. पण मलेरियाची लक्षणे खरोखरच फसवी असतात. पुस्तकात आपण वाचतो की, हुडहुडी भरते, मग अंग भाजते, मग घाम येऊन ताप उतरतो, आणि हा खेळ दिवसाआड चालतो. आपल्या जुन्या वैद्यकात याला 'तृतीयक ज्वर' म्हणत. ग्रीकांनीही त्याचे नाव 'तिसऱ्या दिवसाचा ताप' असेच ठेवले होते. (दिवसाआडचा ताप तिसऱ्या दिवसाचा कसा, असे कोणी विचारील. तापाचा दिवस हाच पहिला दिवस धरण्याची रीत दोन्हीकडे होती, एवढेच.) हा ताल पुस्तकात शोभतो; पण पहिल्यांदाच रोग झालेल्या प्रवाशात तो सुरुवातीच्या दिवसांत बहुधा नसतोच. ताप केव्हाही चढतो. डोके दुखते, अंग मोडून येते, कधी उलट्या, कधी जुलाब, कधी खोकलादेखील. यावरून फ्लू, कावीळ, हगवण यांपैकी काहीही मनात येऊ शकते. आणि तालाची वाट पाहत बसण्यास सवड नसते. प्लास्मोडियम फाल्सिपेरम या जातीचा मलेरिया थोड्या दिवसांतच मेंदू व मूत्रपिंडांपर्यंत पोहोचून रोग्याचा जीव घेऊ शकतो.

'कोठून' याच्या पाठोपाठ 'केव्हा' येतो. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण एक आठवडा तरी जावा लागतो. म्हणून नायजेरियात प्रथमच उतरलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी ताप आला, तर तो तेथल्या डासाचा मलेरिया नव्हे. उलट परतल्यावर महिनाभरात आलेला ताप, दुसरे काही सिद्ध होईपर्यंत, मलेरियाच समजावा लागतो. फाल्सिपेरम बहुतेक वेळा तीन महिन्यांच्या आत प्रकट होतो. व्हायव्हॅक्स ही जात मात्र यकृतात निद्रिस्त राहू शकते आणि कित्येक महिन्यांनी, प्रसंगी वर्ष उलटल्यावर, उठते. तोवर प्रवासाचे फोटोही कपाटात गेलेले असतात! माझे मामा व्यापारी जहाजावर आहेत. पश्चिम आफ्रिकेची फेरी करून आले की वर्षभर कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर ते पहिले वाक्य हेच बोलतात : 'मी लागोसला जाऊन आलोय.' साध्या पडशासाठी गेले तरी हेच. आम्ही भाचरे त्यांना हसत असू. आता मला त्यात शहाणपण दिसते.

संशय आला की रक्त पाहायचे. १८८० साली अल्जीरियात लाव्हेरान यांनी मलेरियाचा परजीवी रक्तात प्रथम पाहिला, आणि आजही काचेवरचा थेंब हाच निदानाचा आधार आहे. थेंब दोन प्रकारे घेतात. एक जाड : त्यात रक्त पुष्कळ मावते, तांबड्या पेशी फुटून जातात, आणि थोडेसे परजीवी असले तरी सापडतात. दुसरा पातळ पसरलेला : त्यात पेशी अखंड राहतात व परजीवीची जात ओळखता येते. येथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पहिली काच निर्दोष निघाली म्हणून रोग नाही असे ठरत नाही. फाल्सिपेरमचे वाढलेले परजीवी शरीरातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात, त्यामुळे बोटाच्या रक्तात ते विरळ असू शकतात. प्रतिबंधक गोळ्या घेतलेल्या माणसातही तसेच. म्हणून बारा ते चोवीस तासांच्या अंतराने तपासणी पुन्हा करतात, आणि तीनदा काही न सापडल्यावरच संशय सैल करतात.

आता पट्टीवर रक्त टाकून पाव तासात उत्तर देणारी चाचणीही आहे. पण तिलाही भूगोल सुटलेला नाही. यांतील पुष्कळ पट्ट्या फाल्सिपेरमचे एक विशिष्ट प्रथिन शोधतात. इरिट्रिया, इथिओपिया आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यातील काही परजीवींत ते प्रथिन तयार करणारे जनुकच नाहीसे झाले आहे. तेथून आलेल्या रोग्यात पट्टी कोरी राहील, आणि परजीवी रक्तात असेल.

सूक्ष्मदर्शकही एकटा पुरत नाही, याचे उदाहरण १९६५ सालचे आहे. मलायाच्या पाहांग भागातील जंगलात काम करून एक अमेरिकन भूमापक मायदेशी परतला आणि तापाने आजारी पडला. काचेवर त्याचा परजीवी प्रथम फाल्सिपेरम वाटला, मग मलेरी या सौम्य जातीचा. पुढे त्याचे रक्त माकडांना टोचल्यावर खरे उत्तर निघाले : तो माकडांचा मलेरिया होता, प्लास्मोडियम नोलेसी. ज्यांच्यावरून हे नाव पडले ते रॉबर्ट नोल्स कलकत्त्याचे. त्यांनी व बिराजमोहन दासगुप्त यांनी हा परजीवी माणसाच्या रक्तात वाढू शकतो हे १९३२ मध्येच दाखविले होते. मलेरी आणि नोलेसी काचेवर जुळ्या भावांसारखे दिसतात, पण नोलेसी दर चोवीस तासांनी वाढतो व प्राणघातक ठरू शकतो. म्हणून बोर्निओच्या जंगलातून आलेल्या माणसाच्या काचेवर 'मलेरी' दिसला, तर तो नोलेसी समजून उपचार करतात. औषधाचेही तेच. हैतीमधला आणि घानामधला फाल्सिपेरम दिसायला एकच; पण पहिल्यावर अजून क्लोरोक्विन चालते, दुसऱ्यावर ते भरवशाचे नाही.

ज्यांच्याविषयी शंकाच घेतली जात नाही असे प्रवासी म्हणजे स्वतःच्या मूळ गावी जाऊन येणारे लोक. ब्रिटनमध्ये २०२३ साली बाहेरून आलेल्या मलेरियाचे दोन हजारांहून थोडे अधिक रोगी नोंदले गेले, आणि असे रोगी तेथे बहुसंख्य मूळ आफ्रिकन कुटुंबांतले, आप्तांना भेटून आलेले असतात. 'लहानपणी पुष्कळ मलेरिया झाला, आता काय होणार?' अशी त्यांची समजूत असते. बालपणी डासांच्या सततच्या चाव्यांनी आलेली ती अपुरी प्रतिकारशक्ती परदेशात काही वर्षे राहिल्यावर ओसरते, आणि परदेशात जन्मलेल्या मुलांत ती नसतेच. लंडनहून सुट्टीत इकडे येणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनाही हे लागू आहे. त्यांच्या तोंडचे 'घरी जाऊन आलो' हे उत्तर डॉक्टरला प्रवासासारखे ऐकूच येत नाही. 'महाराष्ट्रातून आलो' एवढेही पुरेसे नाही. पुण्यातले चार दिवस आणि गडचिरोलीच्या जंगलातले चार दिवस यांत मलेरियाच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. पुण्याच्या वसतिगृहात तापाने पडलेला गडचिरोलीचा विद्यार्थीदेखील या लेखापुरता परतलेला प्रवासीच आहे.

क्वचित हा प्रश्नही निरुत्तर होतो. १९०० साली पॅट्रिक मॅन्सन यांनी रोमहून मलेरियाग्रस्त डास लंडनला मागविले आणि ते स्वतःच्या मुलाला चावू दिले. मुलगा लंडनमध्येच होता. प्रवास डासांनी केला, आणि मुलाच्या रक्तात परजीवी सापडले. हे हेतुपूर्वक झाले. पण १९९४ च्या कडक उन्हाळ्यात पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळाच्या परिसरात काही जणांना मलेरिया झाला. त्यांतले काही विमानतळावर कामाला होते, काही नुसतेच आसपास राहणारे; डास विमानातून उतरले होते. अशा रोग्यात निदानास उशीर होतो. 'कोठून आलात?' याचे उत्तर 'कोठूनही नाही' असे येते, आणि मग दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या रक्ताच्या काचेवर एखाद्या तंत्रज्ञाला परजीवी दिसतो, तेव्हा चौकशीला आरंभ होतो.