जांबच्या फाट्यावर

नागपूर, १२ नोव्हेंबर

भाचेबाई,

निरोप पोचला. डिसेंबरात पहिली दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायची आहे, शिकवणीचे साठवलेले पैसे हाताशी आहेत, आणि सायकलवर जीपीएस यंत्र लावावं की फोनवरच भागवावं यावरून तुझं नि ताईचं वाजलंय. ताई म्हणते, मग एवढा महागाचा फोन घेतला कशाला? निकाल मी द्यायचा म्हणे. देतो, पण आधी माझी फजिती ऐक.

काही वर्षांमागे ऐन एप्रिलात मी एकटाच हिंगणघाटला निघालो. तिथं विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ साली मद्रासेकडून हा माणूस हिंदुस्थान मोजायला लागला, मोजत मोजत वर सरकला, आणि हैदराबादेहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटात वारला. सगळा देश त्रिकोणांत बसवायला निघालेल्याला शेवटचं नागपूर गाठता आलं नाही. त्याला भेटायला निघालेल्या मला हिंगणघाट गाठता येईना, ही त्यातली गंमत. हँडलवर फोन अडकवलेला, पडदा पहाटेपासून सुरू, वरून ऊन. बुटीबोरी मागं पडली आणि थोड्या वेळानं फोननं 'तापलोय' असं सांगून डोळे मिटले. जांबच्या फाट्यावर चंद्रपूरचा रस्ता फुटतो, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण पहाटेपासून फोनच बघत होतो, त्यामुळे पाटी बघायची सवयच मोडली होती. पुढच्या ट्रकामागे मान खाली घालून गेलो. बऱ्याच वेळानं चहाच्या टपरीवर विचारलं तर टपरीवाला म्हणे, "हिंगणघाट? ते तं मांगं राह्यलं न भाऊ! तुमी वरोऱ्याच्या रस्त्यानं लागले."

बीआरएममध्ये असं झालं तर जिथून चुकलीस तिथंच परत यावं लागतं. जास्तीचे किलोमीटर कोणी मोजत नाही, वेळ मात्र तुझ्या साडेतेरा तासांतूनच जातो.

आता फोननं डोळे का मिटले, त्याचं कारण ऐक. आयफोन बनवणारेच सांगतात की तो शून्य ते पस्तीस अंशांत वापरा. नागपुरात पस्तीस म्हणजे होळीच्या आधीच! सायकलची यंत्रं त्या मानानं निबर. गार्मिन एजची कित्येक मॉडेलं साठ अंशांपर्यंत चालतात. फोनचा पडदा उन्हाशी झगडून उजळतो आणि त्यातच बॅटरी पितो. यंत्राचा पडदा बहुधा उन्हाचाच उजेड वापरतो, म्हणून ऊन जितकं कडक तितका तो स्पष्ट. घामेजल्या बोटांना, हातमोज्यांना, पावसाच्या थेंबांना फोन भलतंच काही समजतो. यंत्राला बटणं असतात. डिसेंबरात तुला ऊन छळणार नाही, हे खरं. बॅटरीचा प्रश्न मात्र थंडीतही राहतोच.

ताईचा एक गैरसमज दूर कर. मनसरच्या पुढे देवलापारकडे पेंचचं जंगल लागलं आणि रेंज गेली की जीपीएसही जातं, असं तिला वाटतं. तसं नाही. उपग्रहाचे संकेत फोन नुसते ऐकतो, त्याला टॉवर लागत नाही; विमान मोडवरसुद्धा तो जागा दाखवतो, फक्त पहिल्यांदा जागा सापडायला जरा वेळ घेतो. रेंज लागते ती नकाशा उतरवायला. तो घरीच उतरवून ठेव. गूगलच्या नकाशात आयोजकांची मार्गाची जीपीएक्स फाइल थेट उघडत नाही, ऑसमअँड ॲपमध्ये उघडते. आणि आदल्या रात्री मार्गाची रेघ बोटानं एकदा पूर्ण फिरून बघ. सरावाचे रस्ते स्वतः शोधशील तेव्हा तर नक्कीच. मोटारीचा मार्ग मागितलास तर नकाशा वर्ध्याकडे जाताना खुशाल शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढवेल, आणि तिथं सायकलला मज्जाव आहे.

तर निकाल असा: यंत्र आत्ता घेऊ नकोस. दोनशेची वळणं तळहाताएवढ्या कागदावर मावतात. ती स्वतःच्या अक्षरात लिही, पुढे किती किलोमीटरवर काय येतं ते टाक, आणि कागद प्लास्टिकमध्ये घालून हँडलच्या मधोमध चिकटव. फोन जर्सीच्या मागच्या खिशात, पडदा बंद. शंका आली तर थांबून काढायचा. कानात इअरफोन घालून आवाजी सूचना ऐकायच्या नाहीत. मागून येणाऱ्या ट्रकाचा आवाज त्याहून महत्त्वाचा. फोन हा तुझा नकाशा नव्हे, घरी यायची सोय आहे. संध्याकाळी त्यात निम्मी बॅटरी उरायलाच हवी, कारण बीआरएमला मागून गाडी नसते. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ ला सायकलवर अमेरिका आडवी पार केली, पण तिथं वळणं सांगायला मागच्या गाडीत माणसं होती. तुझ्यामागे फार तर माझा फोन.

चारशेला उतरशील तेव्हा सत्तावीस तास आणि एक आख्खी रात्र असते. तेव्हा यंत्र घे, मी स्वतः दुकानात येईन. अगदी स्वस्तातलं नको, काहींत नकाशा नसतो, कोऱ्या पडद्यावर नुसती रेघ दिसते. फाट्यावर चुकलीस की मग रेघ कुठे आणि आपण कुठे, एवढंच कळतं.

तोवर माझं जुनं यंत्र कपाटात पडलंय. डावीकडचं बटण अडकतं, जोरात दाबावं लागतं. रविवारी सकाळी सहाला सायकल घेऊन ये. जांबपर्यंत जाऊ, कागद तू वाच, यंत्र मी बघतो. फाट्यावर तू सांगशील तिकडे वळू. ताईला म्हणावं, परतताना तर्री-पोहे खाऊन येऊ, डबा नको.

तुझा
मामा